काजळी, ओल आणि पंचनामा

ऑगस्ट 2025 च्या पहिल्या आठवड्यातील एका दुपारी पुण्यात कोथरूडमधील आमच्या तिसऱ्या मजल्यावरील घराच्या स्वयंपाकघरात आग लागली. घरात एकट्या सासूबाई होत्या. फ्रिजच्या मागे जमिनीवर पडलेल्या एका एक्स्टेंशन बोर्डावर फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि पाणी शुद्ध करण्याचे यंत्र अशी तीन उपकरणे आम्ही कित्येक वर्षे चालवत होतो. त्या बोर्डातील एक जोड सैल होऊन तापत राहिला आणि शेवटी प्लॅस्टिकने पेट घेतला, असे तपासणीनंतर विद्युत ठेकेदाराने सांगितले. सासूबाईंना आधी जळका वास आला, मग फ्रिजच्या मागून धूर दिसला. त्यांनी पाणी ओतण्याचा प्रयत्न केला नाही, काही घेण्यासाठी आत गेल्या नाहीत, स्वयंपाकघराचे दार ओढून घेतले आणि जिन्यात येऊन हाका मारल्या. ब्याऐंशी वर्षांच्या त्या बाईंनी दार ओढून घेतले म्हणून आमच्या दोन्ही झोपण्याच्या खोल्या वाचल्या, हे पुढे प्रत्येकाने मान्य केले. समोरच्या घरातील मुलाने पार्किंगमधील मीटरच्या जागी जाऊन आमचा मेन स्विच पाडला, कोणीतरी पाइप गॅसची झडप बंद केली आणि खालच्या मजल्यावरील काकांनी 101 ला फोन लावला. बंब आला आणि जवानांनी पंधरा-वीस मिनिटांत आग विझवली.

मी पोहोचले तेव्हा आग संपलेली होती आणि जिन्यावरून काळे पाणी पायरीपायरीने खाली येत होते. जवानांनी आम्हाला बराच वेळ आत सोडले नाही; छताचा गिलावा तापलेला असताना तो अचानक सुटून पडतो आणि माळ्यावर ठेवलेले सामान आतून धुमसत असू शकते, म्हणून दोन वेळा तपासूनच त्यांनी परवानगी दिली. परवानगी मिळताच मी जे केले, ते माझ्या जागी बहुतेक गृहिणी करतील. मी शेजारच्या घरातून बादली, खराटा आणि जुने कपडे मागून आणले. सत्तावीस वर्षे शाळेच्या कार्यालयात लिपिक म्हणून काम केलेल्या आणि प्रत्येक कागदाची प्रत ठेवणाऱ्या मला त्या क्षणी घर आवरण्यापलीकडे काही सुचत नव्हते.

मला थांबवले ते माझ्या धाकट्या दिरांनी. ते सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत तळमजल्यावर राहतात. 25 जुलै 2024 च्या पहाटे खडकवासला धरणातून सुमारे 35 हजार क्युसेक पाणी मुठा नदीत सोडले गेले आणि त्यांचे घर कमरेइतक्या पाण्यात गेले, तेव्हा गाळ उपसायला आम्ही सगळे तिकडे होतो. गाळ ओला आहे तोवर निघतो, वाळला की दगड होतो, हे खरेच असल्यामुळे आम्ही फावडी-घमेली घेऊन दिवसभर झटलो आणि फुगलेला सोफा, गाद्या, कपाटाची दारे, सगळे रस्त्यावर नेऊन ठेवले. संध्याकाळपर्यंत महापालिकेच्या गाड्या तो ढीग घेऊन गेल्या. विमा कंपनीचा सर्व्हेअर चार दिवसांनी आला, तेव्हा त्याला दाखवायला ओल्या भिंतींशिवाय काही उरले नव्हते आणि कोणी एक छायाचित्रही काढलेले नव्हते. गेलेल्या सामानापैकी निम्म्याचेही पैसे त्यांना मिळाले नाहीत. त्यामुळे फोनवर आगीची बातमी ऐकताच त्यांचे पहिले वाक्य होते, “वहिनी, आई ठीक आहेत ना? मग आता कशालाही हात लावू नका. मी येतो, तोवर फक्त फोटो काढा.”

ते आल्यावर आम्ही दोघांनी मिळून तीन तास केवळ नोंदी केल्या. प्रथम दारापासून सुरुवात करून प्रत्येक खोलीचे सलग चित्रण केले, नंतर प्रत्येक वस्तूची दोन छायाचित्रे घेतली, एक लांबून आणि एक जवळून. उपकरणांच्या मागील बाजूस किंवा दाराच्या आत क्रमांकाची जी पट्टी असते, तिचे छायाचित्र स्वतंत्रपणे घेतले. फ्रिजची पट्टी वितळली होती, पण आतील दाराजवळचा स्टिकर वाचता येत होता. मी शाळेच्या जुन्या सवयीने वहीत रकाने आखले: वस्तू, कोणत्या वर्षी घेतली, अंदाजे किंमत, पावती आहे की नाही. पावत्या बहुतेक नव्हत्याच. परंतु बँकेच्या खातेउताऱ्यात आणि ऑनलाइन खरेदीच्या जुन्या नोंदींत निम्म्याहून अधिक वस्तूंचा माग लागला. ट्रॉल्यांमधील सामान बाहेर काढण्यापूर्वी प्रत्येक ट्रॉली उघडून तिचे छायाचित्र घ्यावे, ही दिरांची सूचना मला तेव्हा अतिरेकी वाटली होती. जळलेली कोणतीही वस्तू आम्ही फेकली नाही. सोसायटीच्या परवानगीने ती पार्किंगच्या एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवली आणि सर्व्हेअरने लेखी सांगेपर्यंत भंगारवाल्याला दिली नाही.

अपवाद फक्त खाण्याच्या वस्तूंचा. धुरात प्लॅस्टिक, रंग आणि वायरींचे आवरण जळालेले असते, त्यामुळे उघडे किंवा सैल झाकणाचे धान्य, मसाले, तेल, त्याचबरोबर फ्रिजमधील आणि कपाटातील औषधे ठेवू नयेत, असे अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याने बजावले होते. यात सर्वांत अवघड गेले ते माळ्यावरील लोणचे. सासूबाईंच्या चिनी मातीच्या तीन बरण्या काळ्या झाल्या होत्या, पण एकीलाही तडा नव्हता, आणि दादरा सोडून पाहिले तर वरचे तेल नेहमीसारखेच दिसत होते. परंतु दादऱ्याच्या कापडाची वरची बाजू काळी होती आणि आतली बाजूही करडी पडली होती. ते कापड मी सासूबाईंच्या हातात दिले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, नाकाजवळ नेले आणि काही न बोलता बरण्या रिकाम्या करायला सांगितल्या.

कागदोपत्री कामांपैकी दोन कामे दुसऱ्याच दिवशी केली, आणि ती अपेक्षेपेक्षा सोपी निघाली. स्थानिक पोलीस ठाण्यात अर्ज देऊन ‘अकस्मात जळीत’ अशी नोंद करून घेतली. हवालदार घरी येऊन दोन पंचांच्या सह्यांसह पंचनामा करून गेले आणि त्याची प्रत आम्ही मागून घेतली. अग्निशमन दलाकडे घटनेच्या दाखल्यासाठी अर्ज केला. त्या दाखल्यात वर्दी मिळाल्याची वेळ, आगीचे ठिकाण, प्राथमिक कारण आणि नुकसानीचे स्वरूप लिहिलेले असते, आणि विमा कंपनी सर्वांत आधी हाच कागद मागते. अर्जात सदनिकेचा क्रमांक आणि मालकाचे नाव करारनाम्याप्रमाणेच लिहावे. आमच्या अर्जावर माझ्या पतींचे नाव आद्याक्षरांसह होते आणि पॉलिसीवर पूर्ण होते, एवढ्या फरकासाठी एक फेरी वाढली.

पॉलिसीची गोष्ट थोडी निराळी आहे. गृहकर्ज घेताना बँकेने घराचा विमा उतरवायला लावला होता. कर्ज 2021 मध्ये फिटले आणि तो विमाही त्याबरोबरच संपला, याची आम्हाला कल्पना नव्हती. एकतानगरीचा पूर पाहिल्यानंतर माझ्या पतींनी कपाट उघडून ते कागद वाचले, तेव्हा घर तीन वर्षे विनाविमा असल्याचे कळले आणि त्यांनी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी घेतली. ही विमा नियामकाने 1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना देणे बंधनकारक केलेली एकसारख्या अटींची पॉलिसी आहे, आणि तिच्यात आगीबरोबर पूर, वादळ, दरड, टाकी किंवा पाइप फुटून होणारे नुकसानही येते. तिच्यातील दोन गोष्टी समजून घेण्यासारख्या आहेत. विम्याची रक्कम घराच्या बाजारभावावर नसते, कारण जमीन जळत नाही. चटई क्षेत्राला, म्हणजे घरातील वापराच्या जागेच्या क्षेत्रफळाला, बांधकामाच्या खर्चाच्या दराने गुणून ती ठरते. कोथरूडमध्ये घराची जी किंमत लोक कौतुकाने सांगतात, तिच्या तुलनेत हा आकडा लहान दिसतो आणि हप्ताही त्यामुळे फारसा नसतो. दुसरी गोष्ट म्हणजे इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, परंतु जास्तीत जास्त 10 लाख रुपये, इतका घरातील सामानाचा विमा वेगळे न मागताही त्यात धरलेला असतो. आमचा इमारतीचा विमा 30 लाखांचा होता, म्हणून सामानासाठी 6 लाखांची मर्यादा मिळाली. दागिन्यांचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते, ते आम्ही घेतले नव्हते. रोख रक्कम आणि कागदपत्रे धरलेलीच नसतात.

आगीच्या संध्याकाळीच आम्ही कंपनीच्या क्रमांकावर फोन केला आणि त्याच रात्री ई-मेलही पाठवला. फोनवर काय सांगितले आणि कोणी ऐकले, हे नंतर कोणीच सिद्ध करू शकत नाही, म्हणून पुढील तीन महिने प्रत्येक फोननंतर मी दोन ओळींचा ई-मेल करत राहिले. पतींना हे हास्यास्पद वाटत होते.

सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी आला. तो कमी बोलणारा तरुण होता. त्याने आमची वही चाळली, छायाचित्रे मागितली आणि मग स्वयंपाकघर व हॉल यांमधील भिंतीसमोर बराच वेळ उभा राहिला. त्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेले असे. दिरांनी ते छायाचित्रांनंतर काढून ठेवले होते, आणि काळ्या भिंतीवर त्याच्या आकाराचा एक स्वच्छ, पिवळसर पांढरा चौकोन उरला होता, वर खिळा आणि खिळ्याच्या सावलीसारखा एक ओघळ. त्याने त्या चौकोनाचे जवळून छायाचित्र घेतले. काजळी किती जाड बसली आहे आणि ती या आगीचीच आहे, जुन्या फोडण्यांची नाही, हे एवढ्या सोप्या रीतीने दुसऱ्या कशाने दाखवता आले नसते, असे तो म्हणाला. ती भिंत आम्ही पहिल्या दिवशी पुसली असती तर हॉलच्या रंगकामाचा दावा टिकला असता की नाही, याची मला शंका आहे.

एक भिंत मात्र पुसली गेलीच. भेटायला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी मदत म्हणून हॉलच्या दुसऱ्या भिंतीवर ओला कपडा फिरवला आणि कोरडी काजळी रंगाच्या आत मुरून तिथे राखाडी लाटा तयार झाल्या, ज्या पुढे दोन हात प्रायमर मारूनही उमटत राहिल्या. काजळी तेलकट असते. तिला पाणी लागले की ती पसरते. घराची साफसफाई करून देणाऱ्या ज्या माणसाला आम्ही नंतर बोलावले, त्याने प्रथम व्हॅक्यूम क्लीनरचे तोंड भिंतीला न टेकवता काजळी ओढून घेतली, मग कोरड्या रबरी स्पंजाने एकाच दिशेने भिंती पुसल्या आणि त्यानंतरच कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून धुतल्या. छत आधी धुतले, पण भिंती खालून वर. वरून खाली धुतल्यास काळे पाणी कोरड्या भागावरून ओघळते आणि ते ओघळ कायमचे बसतात, हे त्याने एका कोपऱ्यात करूनच दाखवले. खोल्यांच्या वरच्या कोपऱ्यांत काळ्या जळमटांच्या माळा लोंबत होत्या. मला वाटले, कोळ्यांनी केलेली जुनी जाळी आपल्या नजरेतून सुटली असावीत आणि उगीच लाजल्यासारखे झाले. परंतु प्लॅस्टिकच्या धुराची काजळीच अशी एकमेकींना चिकटून धाग्यांसारखी लोंबते, तिथे आधी जाळे असण्याची गरज नसते.

तारांचे आणि प्लॅस्टिकचे आवरण जळते तेव्हा निघणारा धूर आम्लयुक्त असतो, आणि त्याचे काम आग विझल्यानंतरही चालू राहते. देवघर हॉलच्या दुसऱ्या टोकाला होते, तिथे ज्वाळा पोहोचल्याही नव्हत्या. तरी पितळेचा बाळकृष्ण आणि समई दुसऱ्या दिवशी काळपट, तिसऱ्या दिवशी हिरवट झाली. चिंचेने घासून ती उजळली. नळांवरील चकाकी मात्र आठवड्याभरात टोचल्यासारखी बारीक खड्ड्यांची झाली आणि ते नळ बदलावे लागले. दूरचित्रवाणी संच आणि संगणक बाहेरून केवळ धुळकट दिसत होते, परंतु दिरांनी ते सुरू करू दिले नाहीत. आतील सर्किटच्या पट्ट्यांवर काजळी असताना वीज दिली की तिथेच शॉर्ट सर्किट होऊन यंत्र कायमचे जाते. दुरुस्ती केंद्रात नेऊन साफ करून घेतल्यावर संगणक चालला, दूरचित्रवाणी संच चालला नाही. पंखे आणि वातानुकूलन यंत्रही आम्ही लावले नाहीत, नाहीतर काजळी झोपण्याच्या खोल्यांतही गेली असती.

आता पाण्याविषयी. आगीने आमचे स्वयंपाकघर नेले, पण बंबाच्या पाण्याने खालच्या काका-काकूंचे घर गाठले. त्यांच्या हॉलला पीओपीचे छत होते आणि त्याच रात्री ते मधोमध पोट सुटल्यासारखे फुगले. काकू त्याखाली बादल्या मांडत होत्या. आमच्या सोसायटीतील एका अभियंत्यांनी त्यांना बाजूला केले, त्या खोलीची वीज बंद करवली आणि लांब काठीला स्क्रूड्रायव्हर बांधून फुगवट्याच्या सर्वांत खालच्या जागी एक भोक पाडले. पाण्याची बारीक धार सुरू झाली आणि दोन बादल्या भरल्यावर छताचा फुगवटा उतरला. असे केले नसते तर तेवढ्या वजनाने पूर्ण तुकडा खाली आला असता. त्यानंतरही चार दिवस तिथे थेंब पडत राहिले, कारण पाणी आमच्या फरशीवरून केव्हाच गेले असले तरी फरशीखालच्या मालात मुरून बसले होते आणि सवडीने खाली उतरत होते.

काकांकडे विमा नव्हता. आमच्या पॉलिसीत आमचे घर आणि आमचे सामान एवढेच होते, शेजाऱ्याच्या घराचे नुकसान नव्हते. बोर्ड आमचा होता, निष्काळजीपणाही आमचाच होता. काकांनी एका शब्दाने विचारले नाही, आणि म्हणूनच पतींनी दुसऱ्याच दिवशी खाली जाऊन त्यांचा खर्च आम्ही करू असे सांगितले. पार्किंगमध्ये उभे राहून “कायद्याने किती द्यावे लागते” याची चर्चा करणारेही भेटले. मला वाटते, ज्यांना पुढची वीस वर्षे एकाच जिन्याने वरखाली करायचे आहे, त्यांनी हा प्रश्न कायद्यापर्यंत नेऊ नये.

स्लॅबची तपासणी संरचना अभियंत्याकडून करून घेतली. त्यांनी छातीएवढ्या उंचीपासून छतापर्यंत लहान हातोडीने ठोकत आवाज ऐकला. जिथे पोकळ आवाज आला तिथला गिलावा काढला आणि आतील काँक्रीट पाहिले. सुमारे 300 अंश सेल्सिअसच्या वर तापलेल्या काँक्रीटला अनेकदा गुलाबीसर छटा येते, तशी ती नव्हती. पण केवळ रंगावर विसंबून न राहता त्यांनी सळईपर्यंत भेगा गेल्या नसल्याचेही पाहिले. छताचा गिलावा गेला आणि स्लॅब शाबूत राहिला. वायरिंगचे तसे नव्हते. जळालेल्या तारा दिसतात, पण भिंतीतील नळ्यांमध्ये नुसत्या शिजलेल्या तारा दिसत नाहीत. परवानाधारक विद्युत ठेकेदाराने 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे तारांचे आवरण शाबूत आहे का हे मोजणाऱ्या यंत्राने, प्रत्येक सर्किट तपासले. झोपण्याच्या खोल्यांचे आकडे व्यवस्थित आले, स्वयंपाकघराचे अर्थातच नाहीत, आणि जिथे एकही तार जळालेली नव्हती त्या हॉलचेही एक मेगाओहमच्या, म्हणजे सुरक्षित मर्यादेच्या, खाली आले. हॉलच्या तारा छतातून, म्हणजे स्वयंपाकघराच्या सर्वांत तापलेल्या भागावरून, पुढे गेलेल्या होत्या. स्वयंपाकघर आणि हॉल यांची वीजजोडणी वेगळी तोडून, ठेकेदाराच्या चाचणी अहवालावर महावितरणने बाकीच्या घराचा पुरवठा सुमारे दोन आठवड्यांनी पूर्ववत केला.

कागदांचे सांगायचे राहिले. हॉलमधील कपाटाच्या खालच्या खणात घराचा करारनामा, त्याच्या नोंदणीचा उतारा म्हणजे इंडेक्स टू, सोसायटीचे भागप्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट), सासूबाईंच्या लग्नाचा अल्बम आणि मुलांच्या गुणपत्रिका होत्या, आणि तो खण पाण्याने भरला होता. नोंदणीकृत करारनाम्याची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते, त्यामुळे त्याची धास्ती नव्हती. पण भागप्रमाणपत्राची दुसरी प्रत काढायची तर क्षतिपूर्ती बंधपत्र (नुकसान झाल्यास भरून देण्याची लेखी हमी), समितीची बैठक आणि ठराव, आणि छायाचित्रांना तर दुसरी प्रतच नसते. ओल्या कागदावर पुण्याच्या ऑगस्टमध्ये दोन-तीन दिवसांत बुरशी येते. एवढे कागद एकाच वेळी वाळवणे अशक्य होते, म्हणून मी ते उलगडण्याचा प्रयत्न न करता गठ्ठ्यागठ्ठ्याने प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून समोरच्या घरातील फ्रीझरमध्ये ठेवले. गोठवलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि शाईही पसरत नाही. त्यांच्या मटारच्या पिशव्यांशेजारी आमचे भागप्रमाणपत्र तीन आठवडे होते. रोज एक गठ्ठा काढून, पाने हलकेच सुटी करून, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदात घडी घालून पंख्याखाली ठेवायचा, असा क्रम चालला. उन्हात किंवा इस्त्रीखाली एकही कागद ठेवला नाही. छायाचित्रे मात्र गोठवली नाहीत. ती एकमेकांना चिकटली होती, ती साध्या स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवल्यावर आपोआप सुटी झाली. त्यांतील दोनांवरचा चेहऱ्याचा भाग गेला. लॅमिनेट केलेली एक गुणपत्रिका वाचलीच नाही, कारण कडेतून आत शिरलेल्या पाण्याला बाहेर यायला वाटच नव्हती.

27 ऑगस्टला गणेश चतुर्थी होती, आणि तोवर घरी परतण्याची आम्हा सर्वांना घाई झाली होती. रंगारी तयार होता. “आठ दिवसांत हात मारून देतो, ताई” असे तो रोज सांगत होता, आणि भिंती हाताला कोरड्या लागतही होत्या. या वेळीही दिरांचाच अनुभव उपयोगी पडला. पुरानंतर त्यांनी घर ऑक्टोबरात दिवाळीच्या आधी रंगवले होते. फेब्रुवारीत जमिनीपासून कमरेच्याही वरपर्यंत पुट्टीचे पापुद्रे सुटू लागले आणि मागून पांढरा लोणा फुलून आला, अगदी मिठाच्या भुकटीसारखा. भिंत पाणी वर ओढते. पाणी ज्या उंचीपर्यंत आलेले असते तिच्या वर आणखी हातभर ओल चढते आणि ते पाणी बाहेर पडताना क्षार पृष्ठभागावर आणून सोडते. त्यांना सगळा गिलावा खरवडून पुन्हा काम करावे लागले.

म्हणून आम्ही एक चाचणी केली, जी कोणालाही करता येईल. सुमारे एक फूट लांबीरुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला लावला, चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि एक दिवस तसाच ठेवला. सकाळी आतल्या बाजूला दव जमले होते. ज्या भिंतीला हात कोरडा लागत होता, ती आतून घामेजत होती. तेव्हा आम्ही आर्द्रता शोषणारे यंत्र भाड्याने आणले. येणारा प्रत्येक जण खिडक्या उघडण्याचा सल्ला देई, परंतु पावसाच्या दिवसांत बाहेरची हवाच ओली असते. यंत्र चालू असताना खिडक्या बंदच ठेवाव्या लागतात, आणि पाऊस थांबून ऊन पडले असेल तेव्हाच त्या उघडण्यात अर्थ असतो. पहिल्या आठवड्यात त्या यंत्राची टाकी दिवसातून दोनदा भरत होती, चौथ्या आठवड्यात दोन दिवसांतून एकदा. गणपती त्या वर्षी एकतानगरीतल्या घरी बसले. आम्ही तोवर भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो आणि तिथे मखर मावले नसते.

सप्टेंबरच्या अखेरीस विमा कंपनीचा प्रस्ताव आला. त्यात दोन बाबी वगळलेल्या होत्या: हॉलचे वायरिंग, कारण ‘तिथे आग लागली नव्हती’, आणि आमचे भाडे. भाड्याची तरतूद त्याच पॉलिसीत आहे, मात्र घर राहण्यायोग्य नसल्याचा वास्तुविशारदाचा किंवा स्थानिक प्राधिकरणाचा दाखला लागतो आणि तो आम्ही जोडलाच नव्हता. ही चूक सरळ आमची होती. पॉलिसीची शेवटची पाने कोणी वाचत नाही, आम्हीही वाचली नव्हती. वास्तुविशारदाचा दाखला, भाडेकरार आणि विद्युत ठेकेदाराचा आकड्यांसह अहवाल जोडून आम्ही कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र पाठवले. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते, त्यांचे कार्यालय पुण्यातच नारायण पेठेत आहे, 50 लाखांपर्यंतच्या दाव्यांची तक्रार तिथे चालते आणि त्यासाठी वकील लागत नाही, एवढी माहिती पतींनी काढून ठेवली होती. पत्राच्या शेवटी त्याचा एका ओळीत उल्लेख केला. तो उल्लेख कामी आला की मेगरचे आकडे, हे मला माहीत नाही. तेविसाव्या दिवशी दोन्ही बाबी मान्य झाल्याचे कळले. रक्कम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात खात्यात जमा झाली, आणि तोपर्यंत गिलावा, वायरिंग आणि ट्रॉल्या यांचे पैसे आम्ही मुदत ठेव मोडून दिलेले होते.

नव्या स्वयंपाकघरात फ्रिजसाठी आणि मायक्रोवेव्हसाठी 16 अँपिअरचे वेगवेगळे पॉइंट घेतले आहेत, मुख्य पेटीत आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवला आहे आणि ओट्यापासून दूर, दाराजवळ, एक लहान अग्निशामक टांगला आहे. सासूबाईंनी तो कसा चालवायचा हे दोनदा विचारून घेतले आणि आपण तरीही दार ओढून बाहेरच जाऊ असे सांगितले. त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

काकांचे पीओपी आम्ही ऑक्टोबरमध्ये बदलून दिले. डिसेंबरात त्यावर ताटाएवढे पिवळट वर्तुळ उमटले. स्लॅबमधील ओल अजून पूर्ण गेलेली नाही, असे अभियंत्यांचे मत पडले. आम्ही तिथे प्लॅस्टिकचा तुकडा लावून पाहिला, तर दुसऱ्या दिवशी त्यावर बारीक दव होते. रंगाचा डबा आमच्या माळ्यावर आणून ठेवला आहे, आणि एप्रिलमध्ये पुन्हा एकदा प्लॅस्टिक लावून पाहिल्यावरच तो उघडायचा, असे काकांशी ठरले आहे.